गहू मानवत नाही, पण सिलिॲक नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आहारसल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण हल्ली खुर्चीत बसायच्या आधीच सांगतात, "मी ग्लुटेन बंद केलंय." का, असं विचारलं की मिळणारी उत्तरं मात्र निरनिराळी. कुणाचं पोट फुगतं, कुणाचं डोकं दुखतं, कुणाच्या जावेला बरं वाटलं म्हणून. खालचे सगळे प्रश्न याच बोलण्यातून गोळा झालेत. पुष्कळांनी ते तपासणी करून घ्यायच्या आधी विचारायला हवे होते, पण विचारले नंतर.

ग्लुटेन म्हणजे नेमकं काय?

मूठभर कणीक घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग गोळा नळाच्या बारीक धारेखाली धरून हलक्या हाताने चोळत राहा. आधी दुधासारखं पांढरं पाणी निघेल, तो स्टार्च. पाणी नितळ झालं की हातात एक करडा, चिवट, रबरासारखा ताणला जाणारा गोळा उरेल. तेच ग्लुटेन. इटलीतल्या बोलोन्या शहरात बेकारी नावाच्या वैद्याने अठराव्या शतकात हेच केलं होतं आणि १७४५ मध्ये ते छापूनही आलं. त्याच्या आधी कणीक धुऊन बघावी असं फारसं कुणाला वाटलं नसावं, आणि आपल्याकडे मळलेली कणीक कुणी वाया घालवू देत नाही.

ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही गव्हातली दोन मुख्य प्रथिनं. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंतून जाळी तयार होते. पोळी फुगते, पाव जाळीदार होतो, पुरणपोळी न फाटता लाटली जाते, ते या जाळीमुळे. ज्वारीच्या पिठात ही जाळी नाही, म्हणून भाकरी लाटत नाहीत, थापतात, आणि पीठ उकळत्या पाण्यात मळावं लागतं. बार्ली म्हणजे जव आणि राय या धान्यांत ग्लुटेनची भावंडं असतात.

पोळी बंद केली आणि आठ दिवसांत पोट हलकं झालं. म्हणजे मला ग्लुटेनची ॲलर्जी आहे ना?

बहुधा नाही. गव्हामुळे त्रास होण्याचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि बोलताना तिन्हींना आपण "ॲलर्जी" म्हणून मोकळे होतो.

खरी ॲलर्जी असली तर गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, घशाला खाज येते, दम लागतो. काहींना गहू खाऊन लगेच व्यायाम केला तरच हे होतं. हे जिवावर बेतू शकतं. यात घरी प्रयोग करायचे नाहीत.

सिलिॲक या आजारात ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. ते झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. पोट अजिबात दुखत नाही, पण हिमोग्लोबिन काही केल्या वाढत नाही, असंही होतं. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाणाऱ्या बायकांमध्ये कधी कधी हा आजार निघतो. हे पान तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे. ॲलर्जी नाही, सिलिॲक नाही, तरी गहू खाल्ला की त्रास होतो आणि सोडला की थांबतो. वैद्यकात याला सिलिॲक नसलेली ग्लुटेन संवेदनशीलता म्हणतात. साध्या मराठीत, गहू मानवत नाही.

मग फरक काय पडतो? बरं वाटतंय तर सोडावा गहू, तपासण्या कशाला?

सगळ्यात जास्त डोकेफोड मी या प्रश्नावर करते, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

सिलिॲक असेल तर पथ्य जन्मभराचं, तेही इतकं कडक की चिमूटभर कणीकसुद्धा चालत नाही. न पाळल्यास हाडं ठिसूळ होणं, पंडुरोग, गरोदरपणातल्या अडचणी आणि क्वचित आतड्याचा कर्करोग इथपर्यंत गोष्ट जाते. आईवडील, भावंडं आणि मुलांचीही तपासणी करावी लागते. तिसऱ्या प्रकारात आतड्याची अशी झीज होत नाही. लग्नात अर्धी पुरी खाल्ली तर एक संध्याकाळ वाईट जाते, बाकी काही नाही. लक्षणांवरून हे दोन ओळखता येत नाहीत.

गहू आधी सोडला तर तपासणी आंधळी होते. रक्तातली टीटीजी-आयजीए ही तपासणी शरीराने ग्लुटेनविरुद्धच्या भांडणात तयार केलेली प्रतिपिंडं मोजते. भांडणाचं कारणच पोटात जात नसेल तर ती हळूहळू विरतात आणि अहवाल निर्दोष येतो. आतडंही भरून येऊ लागतं. म्हणून क्रम ठरलेला आहे: गहू चालू असताना टीटीजी-आयजीए, सोबत एकूण आयजीए (आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार; काहींच्या शरीरात तो मुळातच कमी असतो, त्यांची तपासणी फसते), आणि गरज पडली तर एंडोस्कोपी करून लहान आतड्याचे बारीक तुकडे.

मी तर सहा महिन्यांपूर्वीच सोडलाय. आता?

पोटाच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. दोन वाटा आहेत. एक, ठरावीक आठवडे रोज गहू खाऊन मग तपासणी. मध्यम पोळीत साधारण २ ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं, तेव्हा दिवसाला दोन-चार पोळ्या झाल्या. किती खायचा आणि किती दिवस, ते डॉक्टर ठरवतील. दुसरी वाट एचएलए या जनुकीय तपासणीची. तिला तुम्ही काय खाता याच्याशी देणंघेणं नाही. डीक्यू२ आणि डीक्यू८ ही आजाराला पोषक जनुकं दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ बाद होतो. ती असली म्हणजे मात्र आजार आहे असं नाही. तीस-चाळीस टक्के निरोगी माणसांतही ती असतात.

सिलिॲक तर उत्तरेकडच्या लोकांना होतो ना? आपल्याला कशाला?

या समजुतीला थोडा आधार आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशाच्या तीन भागांतल्या २३ हजारांहून जास्त प्रौढांचं रक्त तपासलं गेलं. सिलिॲकची प्रतिपिंडं उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत सापडली. आजाराला पोषक जनुकं तिन्हीकडे भरपूर होती. मोठा फरक होता तो ताटात. उत्तरेत माणशी रोजचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम.

आपण या दोन्हींच्या मधे. दोन पिढ्यांमागे देशावर रोजची भाकरी आणि सणाला पोळी होती, कोकणात भात होता. आता सकाळी डब्यात पोळी, दुपारी पोळी, संध्याकाळी टोस्ट-खारी आणि रात्री परत पोळी. "आपल्यात नसतो" असं म्हणून तपासणी टाळण्याइतकं आपलं ताट आता वेगळं राहिलेलं नाही.

या तिसऱ्या प्रकाराची लक्षणं काय?

पोट फुगणं सगळ्यात वरती. दुपारी चारला साडीची किंवा पँटची गाठ सैल करावी लागणं. पोटात दुखणं, जुलाब किंवा उलट बद्धकोष्ठ, कधी दोन्ही आलटून पालटून. पोटाबाहेरची लक्षणंही असतात: थकवा, डोकेदुखी, सांधे आखडणं, डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटून कामात लक्ष न लागणं. गहू खाल्ल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत त्रास सुरू होतो.

अडचण अशी की यातलं एकही लक्षण फक्त या प्रकाराचं नाही. दूध न पचणं, थायरॉइड, पोटातले जंत आणि आयबीएस म्हणजे संवेदनशील आतड्याचा त्रास, सगळे हेच बोलतात.

यासाठी रक्ताची काही तपासणी आहे का? एका लॅबच्या पॅकेजमध्ये २०० पदार्थांची तपासणी आहे म्हणे.

नाही. याची खूण सांगणारी खात्रीची तपासणी आज उपलब्ध नाही. ग्लायडिनविरोधी प्रतिपिंडं यातल्या जवळपास निम्म्या लोकांत सापडतात, पण ती धडधाकट माणसांतही सापडतात.

त्या २०० पदार्थांच्या पॅकेजमध्ये बहुतेक वेळा आयजीजी मोजतात. आयजीजी म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता याची शरीराने ठेवलेली नोंद. रोज पोळी, दूध, शेंगदाणे खाणाऱ्याच्या अहवालात पोळी, दूध, शेंगदाणे लाल रंगातच दिसणार. ॲलर्जीतज्ज्ञांच्या युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या संघटनांनी यावर विसंबू नका असं सांगितलेलं आहे. माझ्याकडे एक गृहस्थ असा अहवाल घेऊन आले होते. ३७ पदार्थ बंद, वजन सहा किलो उतरलेलं, पोट तसंच. त्या पैशात दोन वर्षांची ज्वारी आली असती.

डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल आहे. म्हणजे माझ्या मनाचे खेळ आहेत का?

त्रास खरा आहे. कारण कोणतं, यावर वाद आहे, आणि तो मोठा रंगतदार आहे.

सिलिॲक नसतानाही ग्लुटेन त्रास देतं की काय, अशी शंका वैद्यकीय नियतकालिकांत १९७८ पासून आहे. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या गटाने सिलिॲक नसलेल्या, आयबीएसच्या ३४ रुग्णांना काय खातोय ते न कळू देता ब्रेड आणि मफिन खाऊ घातले. काहींच्यात ग्लुटेन, काहींच्यात नाही. ग्लुटेनवाल्यांना जास्त त्रास झाला. जगभर ग्लुटेन-फ्रीची लाट उसळायला या निष्कर्षाचा हातभार लागला.

गंमत पुढे आहे. त्याच गटाने २०१३ मध्ये प्रयोग आणखी काटेकोर केला. ३७ जणांच्या जेवणातून आधी दोन आठवडे आतड्यात आंबणाऱ्या साखरा काढल्या, आणि तेवढ्यानेच सगळ्यांना बरं वाटलं. मग गुपचूप ग्लुटेन दिलं, तर खास ग्लुटेनमुळे त्रास झालेले निघाले फक्त ८ टक्के. स्वतःचाच आधीचा निष्कर्ष स्वतःच डळमळीत करणारे संशोधक मला फार आवडतात.

अशा दहा प्रयोगांतल्या २३१ जणांचा हिशोब २०१७ मध्ये मांडला गेला. खास ग्लुटेनमुळे त्रास झाला तो १६ टक्क्यांना. ज्यांना नुसतंच खोटं, म्हणजे ग्लुटेन नसलेलं खाणं देऊनही तेवढाच त्रास झाला ते ४० टक्के. याला नोसिबो म्हणतात: अपाय होणार या धास्तीनेच अपाय होणं. पुढे ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या ८३ जणांच्या प्रयोगात ब्रेडमध्ये ग्लुटेन आहे की नाही हे कधी खरं, कधी खोटं सांगितलं गेलं. ग्लुटेन होतंही आणि आहे असं सांगितलंही, त्यांना सर्वांत जास्त त्रास झाला. ग्लुटेन असूनही नाही म्हणून सांगितलेले बऱ्यापैकी सुखात होते.

म्हणजे मनाचे खेळ? तसं म्हणणं आळशीपणाचं आहे. मेंदू आणि आतडं यांच्यात अखंड निरोप चालू असतात. परीक्षेच्या सकाळी पोट बिघडतं तेव्हा जुलाब काही काल्पनिक नसतात. शिवाय २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांना गहू न मानवणाऱ्या काही लोकांच्या रक्तात आतड्याच्या पेशींना इजा झाल्याच्या आणि प्रतिकारशक्ती जागी झाल्याच्या खुणा मिळाल्या होत्या. एकच आजार नसून तीन-चार निरनिराळे त्रास एका नावाखाली गोळा झालेत, असं मला वाटतं.

ग्लुटेन नाही तर मग गव्हातलं काय त्रास देतं?

पहिला संशयित फ्रुक्टान. ही साखरेचीच एक लांब साखळी आहे. ती तोडणारं पाचकद्रव्य कुणाही माणसाकडे नसतं. लहान आतड्यातून ती तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि गॅस तयार होतो. सगळ्यांच्याच पोटात होतो. ज्यांचं आतडं हळवं आहे त्यांना तो ताण सोसत नाही. २०१८ मध्ये ऑस्लोत, स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांना तीन प्रकारच्या वड्या आठवडा-आठवडा दिल्या: एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टान, एकीत दोन्ही नाही. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानच्या वडीने झाला असे २४, काहीच नसलेल्या वडीने २२, आणि ग्लुटेनच्या वडीने १३. गव्हात एटीआय नावाची आणखीही काही प्रथिनं असतात, तीही संशयितांच्या यादीत आहेत.

आता हे आपल्या स्वयंपाकघरात आणू. एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. दोन महिने पोळीचा तुकडा खाल्ला नव्हता, पहिले पंधरा दिवस बरं होतं, मग परत तेच. त्यांना रोजचं खाणं वहीत लिहायला सांगितलं. एका मंगळवारचं पान असं होतं: "सकाळी नाचणीचं आंबील. दुपारी ज्वारीची भाकरी, पिठलं, बुक्कीने फोडलेला कांदा, लसणाचा ठेचा. ४ वाजता पोट ढोल. भाकरीच्या पिठात गहू मिसळला असेल का?"

गहू कुठेही नव्हता. होता तो कांदा, लसूण आणि बेसन. कांदा-लसणात फ्रुक्टान गव्हापेक्षाही जास्त असतं आणि हरभऱ्याच्या डाळीत त्याच जातकुळीची दुसरी एक साखर. पोळी गेली तिथे पिठलं-भाकरी आली, आणि पोटाच्या दृष्टीने हिशोब जिथल्या तिथे राहिला. कच्चा कांदा आणि ठेचा थांबवला, पिठल्याऐवजी मुगाचं वरण आणलं, तेव्हा तीन आठवड्यांत फरक पडला. आता त्या दिवसाला दोन फुलके खातात.

आपल्याकडे हा प्रयोग दरवर्षी होतो, फक्त त्याच्याकडे कुणी त्या नजरेने बघत नाही. कांदेनवमीला भजी हाणून आषाढी एकादशीपासून चार महिने कांदा-लसूण बंद करणारी घरं अजून आहेत. "चातुर्मासात माझं पोट बरं असतं," असं तुमच्या तोंडी कधी आलं असेल, आणि पोळ्या तर तेव्हाही चालूच होत्या, तर गव्हावर आळ घेण्याआधी थांबा. उपासाचं तसं नाही. एकादशीला गहू, कांदा, लसूण, डाळी एकदमच सुटतात, त्यामुळे कुणामुळे बरं वाटलं ते कळत नाही. आणि दुप्पट खाल्लं तर कुणामुळे बिघडलं तेही नाही.

पूर्वी कुणाला असलं काही होत नव्हतं. हा संकरित गव्हाचा दोष आहे ना?

जर्मनीत १८९१ ते २०१० या काळातल्या गव्हाच्या ६० जाती पुन्हा पेरून तपासल्या. एकूण ग्लुटेनचं प्रमाण जवळपास तेच निघालं, आणि ज्याच्यावर सगळे राग काढतात ते ग्लायडिन थोडं कमीच झालेलं. बदललंय ते गव्हाचं प्रमाण, मैद्याचा वापर आणि झटपट फुगवलेले पाव. पीठ बराच वेळ आंबू दिलं तर सूक्ष्मजीव फ्रुक्टान बरंचसं संपवून टाकतात. कारखान्यातल्या ब्रेडला तेवढा वेळ कुणी देत नाही.

खपली गहू चालतो का? दुकानदार म्हणाला त्यात ग्लुटेन नसतं.

असतं. खपली हा जुना, सालीला घट्ट चिकटलेला गहूच आहे. त्याच्या ग्लुटेनची जाळी कच्ची असते, म्हणून त्याची पोळी वेगळी लागते आणि पाव नीट फुगत नाही. सिलिॲक असणाऱ्याने खपलीला हातही लावायचा नाही. ज्याला सिलिॲक नाही त्याने खाऊन बघायला हरकत नाही. काहींना खपलीची खीर किंवा पोळी खरंच सोसते. बन्सी, लोकवन, सिहोर यांचंही तेच, सगळे गहूच.

मग घरच्या घरी कसं ठरवू?

सिलिॲक आणि ॲलर्जी बाद झाल्यावरच. मग चार ते सहा आठवडे गहू, मैदा, रवा, शेवया, दलिया, जव पूर्ण बंद. बाकी खाणं आहे तसंच ठेवायचं. याच वेळी दूध सोडलं, चालायला सुरुवात केली आणि नवीन चूर्णही घेतलं, तर सगळं पाण्यात. रोज रात्री पोटाला शून्य ते दहा गुण द्या, वहीत.

काहीच फरक नाही? गव्हाची काही चूक नाही, आनंदाने पोळी खा आणि दुसरं कारण शोधा. फरक पडला? तर अर्धंच काम झालंय. गहू परत आणून त्रास परत येतो का ते बघायचं. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात.

जमलं तर ही दुसरी पायरी झाकून करा. थालीपिठासारखं त्याला दुसरं काही नाही. घरातल्या एका माणसाने दोन डब्यांत पिठं भरायची: एकात ज्वारी-तांदूळ, दुसऱ्यात त्यातच निम्मी कणीक. कांदा नाही, भरपूर जिरं, तीळ आणि कोथिंबीर, म्हणजे चव लपते. डब्यांवर फक्त १ आणि २. एक आठवडा पहिल्या डब्याची थालीपिठं, एक आठवडा विश्रांती, मग दुसऱ्याची. उघड करायच्या आधी गुण मोजून ठेवा. इटलीतल्या सालेर्नोमध्ये २०१४ साली जमलेल्या तज्ज्ञांनी सुचवलेल्या पद्धतीचं हे घरगुती रूप आहे. तिथे ८ ग्रॅम ग्लुटेन रोज आणि लक्षणांत निदान ३० टक्के फरक असे नियम आहेत. मळणाऱ्याच्या हाताला फरक लगेच कळतो, म्हणून ज्याचं पोट त्याने मळायचं नाही.

यात त्रास झाला तर गहू मानवत नाही एवढं कळेल. ग्लुटेन की फ्रुक्टान, हे नाही कळणार. त्यासाठी पोळीशिवायच्या एका आठवड्यात मुद्दाम कांदा-लसूण खाऊन बघा. आणि फार हौस असेल तर सुरुवातीला धुतलेला तो चिवट गोळा आठवा. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, त्यामुळे ते पांढऱ्या पाण्याबरोबर बरंचसं वाहून गेलेलं असतं. तो गोळा उकडून, रश्श्यात शिजवून खाल्ला आणि पोट शांत राहिलं, तर ग्लुटेनवरचा आळ गेला. चवीची जबाबदारी माझी नाही.

पथ्य किती कडक पाळायचं? गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर?

सिलिॲकवाल्याला नाही चालत. त्याने स्वच्छ गिरणी किंवा घरची चक्की बघावी, पोळपाट-तवा वेगळा ठेवावा. खड्याच्या किंवा पुडीच्या हिंगातसुद्धा बऱ्याचदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते, हे त्यालाच लक्षात ठेवावं लागतं.

तुम्हाला सिलिॲक नसेल तर यातलं काही नको. जेवढ्याने त्रास होतो त्याच्या खाली राहायचं. कुणाला एक पोळी चालते, तीन नाही. कुणाला फुलका चालतो, पाव नाही.

मग खाऊ काय?

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा, मका, शिंगाडा. घावन, आंबोळी, उकडीचे मोदक, तांदळाची भाकरी. मराठी माणसाने यावर रडू नये. थालीपिठाच्या भाजणीत मात्र बऱ्याच घरी गहू घालतात, विकतची असेल तर पाकीट वाचा. नुसत्या भातावर येऊ नका. चोथा कमी पडतो, बद्धकोष्ठ होतं आणि पोट परत फुगतं.

ग्लुटेन-फ्री बिस्किटं, ब्रेड आणू का?

भारतात किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल तरच तसं छापता येतं. सिलिॲकवाल्याला तो शिक्का मोलाचा आहे. बाकीच्यांना तो शिक्का म्हणजे तब्येतीचं प्रमाणपत्र वाटतं. ते तसं नाही. तांदळाचं पीठ, टॅपिओका, साखर आणि तेल, चोथा नावाला. किंमत दुप्पट-तिप्पट.

मला बरं वाटलं, मुलीचंही पोट दुखतं. तिलाही बंद करू?

नको. आधी बालरोगतज्ज्ञ. मुलांमध्ये सिलिॲकमुळे उंची आणि वजन अडतं, आणि तपासणीआधी पोळी बंद केलीत तर तेच नेमकं हातून निसटेल.

आयुष्यभर पाळावं लागेल?

तसं नाही. वर्ष-दीड वर्षाने परत खाऊन बघा. काहींना पुन्हा सोसायला लागतं.

कोणत्या वेळी थेट डॉक्टर गाठायचे?

वजन आपोआप उतरतंय, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, हिमोग्लोबिन कमी, घरात आतड्याच्या कर्करोगाचा किंवा सिलिॲकचा इतिहास. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला पोटाचा त्रास. आणि बायकांनी खास लक्षात ठेवायचं: पन्नाशीनंतर रोजच पोट फुगलेलं राहत असेल, दोन घास खाऊन पोट भरत असेल, तर बीजाशयाची तपासणी करून घ्यायची. तिथे भाकरी-पोळीचे प्रयोग करत महिने घालवू नका.

सासरी सगळ्यांसमोर सांगायचं कसं? "थेरं" म्हणतात.

"ग्लुटेन" हा शब्द उच्चारू नका. "मला गहू मानवत नाही, भाकरी द्या," एवढं म्हणा. वांगं, पपई, दही न मानवणारी माणसं प्रत्येक घरात असतात आणि त्यांना कुणी पुरावा मागत नाही. माझ्या आजेसासूबाईंना आयुष्यभर तूरडाळ चालली नाही. त्यांच्यासाठी वेगळं मुगाचं वरण लागायचं, त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही.

आणि होळीची पुरणपोळी?

सिलिॲक असेल तर नाही, नैवेद्याची म्हणूनसुद्धा नाही. नसेल तर अर्धी खा, तूप घालून, सावकाश. मात्र संध्याकाळी पोट फुगलं तर लगेच पारीला दोष देऊ नका. आत हरभऱ्याच्या डाळीचं पुरण होतं, सोबत कटाची आमटी होती, आणि ती अर्धी खरंच अर्धीच होती का, तेही वहीत लिहा.